शादीखान्यातले सत्कार आणि डॉक्टर होण्याचे गुण

दरवर्षी ‘नीट’चा निकाल लागला की पंधरा दिवसांत आमच्या तालुक्याच्या शादीखान्यात गुणवंतांचा सत्कार होतो. गेली सहा-सात वर्षं मी तिथं जातो, दोनदा व्यासपीठावरही बसलोय. कार्यक्रम ठरलेला असतो. तिलावत, पाहुण्यांचे हारतुरे, नगरसेवकांचं भाषण, क्लासच्या संचालकांचं भाषण आणि शेवटी मुलांना शाल आणि ट्रॉफी. कोपऱ्यात परदेशातल्या एमबीबीएसचं टेबल मांडून एजंट बसलेला असतो, ज्यांचा नंबर लागला नाही त्यांच्या बापांची वाट बघत. भाषणांत सांगितले जाणारे गुणही ठरलेले. जिद्द, चिकाटी, त्याग, पाठांतर, आणि आमच्याकडं हमखास येणारा सब्र. ‘डॉक्टर व्हायचं असेल तर झोप विसरा’ हे वाक्य मी त्या हॉलमध्ये किमान पाच वेळा ऐकलंय, आणि पाचही वेळा टाळ्या पडल्यात.

दोनदा मीही असंच काहीतरी बोललोय. म्हणून आता जे लिहितोय त्यात माझाही कान धरलेला आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: त्या स्टेजवरून आपण मुलांना सांगतो ते गुण प्रवेश परीक्षेचे आहेत, मेडिकल कॉलेजचे नाहीत. आणि त्यांतले दोन, झोप मारणं आणि गुमान सहन करणं, हे गुणच नाहीत. ते आपण गुण म्हणून सांगतो, आणि त्याची किंमत आपली मुलं, विशेषतः मुली, पुढच्या साडेपाच वर्षांत एकटी चुकवतात.

‘नीट’ काय शिकवते ते बघा. १८० प्रश्न, ७२० गुण, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर उत्तराला चार, चुकीच्याला उणे एक. म्हणजे उत्तर कागदावर छापलेलंच असतं, ते फक्त ओळखायचं. येत नसेल तर सोडून द्यायचं, कारण चुकलात तर दंड. आणि कुणाला काही विचारायचं नाही, कारण विचारणं म्हणजे कॉपी. अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि बऱ्याचदा एक-दोन वर्षं रिपीट करून मुलाच्या हाडात हे मुरतं. मग तो एमबीबीएसला जातो. तिथं उत्तर छापलेलं नसतं. समोरचा माणूस पोट धरून बसलेला असतो आणि ‘सोडून द्या’ हा पर्याय नसतो. ज्याला येत नाही त्यानं तोंड उघडून विचारणं एवढा एकच रस्ता असतो, आणि तोच आपण चार वर्षं बंद करून ठेवलेला असतो.

माझ्या भाचीची गोष्ट सांगतो. तिनं परवानगी दिलीय, फक्त नाव आणि कॉलेज लिहू नको म्हणाली.

सातवीपर्यंत उर्दू माध्यम, मग मराठी, मग लातूरला क्लास. सरकारी कॉलेजला नंबर लागला. शादीखान्यात तिचाही सत्कार झाला, होर्डिंगवर फोटो लागला, आमच्या बाजीनं, म्हणजे तिच्या अम्मीनं, मोहल्ल्यात मिठाई वाटली. वर्षभरानं कळलं की ती अ‍ॅनाटॉमीत नापास झालीय. कळलं तेही उशिरा. निकाल लागून तीन आठवडे तिनं घरी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर घरच्यांनी मोहल्ल्याला सांगितलं नाही. ‘इम्तिहान पुढं गेलं’ असं ठरवून सांगण्यात आलं.

ही मुलगी अभ्यास करत नव्हती का? चौरसियाचं पुस्तक तिला अख्खं पाठ होतं. पान नंबरासकट. मग अडलं कुठं? पुस्तकातल्या चित्रात नस पिवळी असते, धमनी लाल, शीर निळी. डिसेक्शन हॉलमधल्या टेबलावर सगळं एकाच मळकट तपकिरी रंगाचं असतं. त्यातून नस कुठली आणि धमनी कुठली हे हातानं चाचपून, उचलून, वेगळं करून बघावं लागतं. एका टेबलाभोवती पंधरा-वीस मुलं. पुढं उभी राहणारी बघतात, हात लावतात, सरांना विचारतात. मागं उभी राहणारी पुढच्यांच्या पाठी बघतात. माझी भाची वर्षभर मागं उभी होती. व्हायवाला परीक्षकांनी चिमट्यानं एक धागा उचलून विचारलं, हे काय आहे? तिला त्या नसेचा उगम, मार्ग, शाखा, सगळं येत होतं. फक्त समोरची नस तीच आहे हे ओळखता आलं नाही.

मी विचारलं, ‘अगं, पुढं का नाही सरकलीस?’ म्हणाली, ‘मामू, शर्म आती थी. पूछे तो लोगां हसते. इंग्लिश में कैसा पूछूं येच सोचती रहती थी, तब तक घंटा बज जाता था.’

हे ऐकलं आणि मला शादीखान्यातली माझीच भाषणं आठवली. आपण या पोरीला जिद्द शिकवली, चिकाटी शिकवली. गर्दीत पुढं सरकायला शिकवलं नाही. उलट सरकू नको, हेच शिकवलं. मोठ्यांना उलट विचारायचं नाही, चार माणसांत बोलायचं नाही, आवाज खाली. जिला घरात अठरा वर्षं ‘चूप बैठ’ सांगितलं, ती एकोणिसाव्या वर्षी प्रोफेसरला ‘सर, समजलं नाही, परत दाखवा’ कशी म्हणेल? गुण आभाळातून पडत नाहीत. ते घरात लागतात किंवा घरात मारले जातात.

तिला वाचवलं ते एका सीनियर मुलीनं. यवतमाळकडची, बौद्ध घरातली, स्वतः एकदा सप्लिमेंटरीतून गेलेली. तिनं भाचीला दोन कामं लावली. रोज दुपारी डिसेक्शन हॉलमध्ये जायचं, तिथल्या अटेंडंट मामांना विनंती करायची आणि हात लावून बघायचं. आणि रोज कुणाला तरी एक प्रश्न विचारायचा, कितीही बावळट असला तरी. इंग्रजी येत नसेल तर मराठीत विचारायचा. आणि लक्षात घ्या, बहुतेक शिक्षक मराठीतूनच उत्तर द्यायचे. भिंत होती ती बरीचशी तिच्या मनात होती. सगळी नव्हे. हसणारे होतेच, आणि ‘कुठल्या कोट्यातून आलीस’ विचारणारेही होते.

कोट्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट बाजूला सांगून टाकतो. आरक्षणातून आलेल्या मुलांच्या ‘गुणवत्ते’ची काळजी करणाऱ्यांना मी एवढंच आठवण करून देतो की २०२३ साली ‘नीट पीजी’च्या रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेचं पर्सेंटाइल थेट शून्यावर आणलं गेलं होतं. तेव्हा खासगी कॉलेजांतल्या महागड्या जागा घेणाऱ्यांच्या गुणवत्तेवर किती चौकांत चर्चा झाली? असो.

आता आमच्या स्टेजवरच्या आवडत्या नावांकडं येतो. इब्न सीना आणि अल-राज़ी. दर सत्काराला कुणीतरी उठून सांगतंच की युरोप अंधारात होता तेव्हा आपण हकीम होतो. मुलं टाळ्या वाजवतात आणि विषय संपतो. पण राज़ीनं केलं काय, हे कुणी सांगत नाही. नवव्या-दहाव्या शतकातला हा रे शहरचा माणूस, बगदादच्या इस्पितळाचा प्रमुख. देवी आणि गोवर हे वेगवेगळे रोग आहेत हे त्यानं नीट मांडलं. त्याच्या काळी वैद्यकात गॅलन या ग्रीक वैद्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. राज़ी स्वतःला गॅलनचा ऋणी मानायचा, आणि तरी त्यानं ‘शुकूक अला जालीनूस’, म्हणजे ‘गॅलनविषयीच्या शंका’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. उस्तादाचं ऋण मान्य करून उस्तादाच्या चुका दाखवणारं. तेराव्या शतकात कैरोत इब्न अल-नफीसनं तेच केलं. हृदयाच्या मधल्या पडद्यात छिद्रं आहेत आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे जातं, असं गॅलनपासून मानलं जात होतं. इब्न अल-नफीस इब्न सीनाच्याच ग्रंथावर भाष्य लिहीत होता आणि त्यात त्यानं लिहून टाकलं की तिथं छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसातून फिरून येतं. आज पहिल्या वर्षाच्या फिजिओलॉजीत मुलं जे शिकतात ते हेच.

म्हणजे ज्यांचा वारसा आपण मिरवतो ते शंका विचारणारे लोक होते. आणि त्यांची नावं आपण घेतो कुठं? ज्या स्टेजवर मुलांना ‘उस्तादांसमोर मान वर करू नका’ सांगितलं जातं, तिथं.

झोपेकडं येऊ. मेडिकलला जागरण लागतंच, ते मीही नाकारत नाही. परीक्षा असतात, इमर्जन्सी ड्यूटी असते. पण जागरण करावं लागणं वेगळं आणि जागरण हा मोठेपणा मानणं वेगळं. निवासी डॉक्टरांनी रुग्णालयातच राहायचं, रात्रंदिवस काम करायचं, ही आधुनिक पद्धत अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड या मोठ्या सर्जननं रुळवली. हे रुग्णालय १८८९ साली सुरू झालं. हॉल्स्टेड स्वतः भूल देण्यासाठी कोकेनचे प्रयोग करता करता त्याच्या आहारी गेला होता, पुढं मॉर्फिनच्याही. माणूस थोर होता, त्याच्या शस्त्रक्रिया आजही शिकवल्या जातात. पण न थकण्याचा जो आदर्श आपण पोरांसमोर ठेवतो त्याच्या मुळाशी कोण उभा आहे, तेवढं माहीत असलेलं बरं.

सतत चोवीस तास जागलेल्या माणसाचा हात आणि डोकं दारू प्यायलेल्यासारखं चालतं, हे प्रयोगांतून दिसून आलंय. अशा माणसाच्या हातात आपण आपल्या आईची सलाईन देतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं नेमलेल्या कृतिगटाचा विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरचा अहवाल २०२४ मध्ये आला. पंचवीस हजारांवर एमबीबीएस विद्यार्थ्यांनी त्यांची प्रश्नावली भरली. त्यांतल्या चारात एकाहून अधिकांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झालेलं असल्याचं सांगितलं. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक दिवस सुट्टी हवी, रोज सात-आठ तास झोप हवी, अशा शिफारशी त्या अहवालात आहेत. देशातली वैद्यकीय शिक्षणाची सर्वोच्च संस्था म्हणते मुलांना झोपू द्या, आणि आमचा नगरसेवक म्हणतो झोप विसरा. टाळ्या नगरसेवकाला.

आणि आता सब्र.

डॉ. पायल तडवी हे नाव आपल्यापैकी किती जणांना आठवतं? जळगाव जिल्ह्यातली तडवी भिल्ल समाजाची मुलगी. तडवी म्हणजे आदिवासी आणि मुसलमान, दोन्ही. मिरजेच्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली, मुंबईत नायर रुग्णालयाच्या टोपीवाला कॉलेजात स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला लागली. २२ मे २०१९ रोजी तिनं आयुष्य संपवलं. वय २६. तीन सीनियर डॉक्टरांकडून जातीवरून छळ झाला असा तिच्या कुटुंबाचा आरोप आहे, आरोपींनी तो नाकारलाय, प्रकरण न्यायालयात गेलंय. तिथं काय सिद्ध होईल ते न्यायालय सांगेल. तिची आई आबेदा तडवी मात्र रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांच्यासोबत २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात गेली, उच्च शिक्षणसंस्थांतला जातीभेद थांबवा म्हणून.

पायलमध्ये कुठला गुण कमी होता? बुद्धी? मेहनत? ती एमबीबीएस पूर्ण करून, पीजीची परीक्षा देऊन तिथं पोचली होती. सहन करायची ताकद कमी पडली असं म्हणणारे महाभाग मला २०१९ साली भेटले, आपल्याच लोकांतले. ‘थोडा सब्र करती तो निकल जाता.’ मला त्या वाक्याची आजही चीड येते. जखम ज्याला झाली त्याच्याच सहनशक्तीचं माप काढायचं आणि चाकूबद्दल बोलायचं नाही, याला सब्र म्हणत नाहीत. सब्राचा खरा अर्थ काय यावर बोलायला मी आलिम नाही. ज्यांना तो माहीत आहे त्यांनीच आता शादीखान्यात उभं राहून सांगावं की आजारपणात, संकटात धीर धरणं वेगळं आणि कुणी अपमान करत असताना गप्प बसणं वेगळं. तुमच्या तोंडून ते पोरींच्या आईबापांना जास्त पटेल.

कारण आमच्या घरांत असंच होतं. पोरगी फोनवर रडते, आई म्हणते, ‘सबर कर बेटा, दो साल की बात है.’ बाप म्हणतो, कर्ज काढलंय. मामा, म्हणजे मी, म्हणतो, तू तर जिद्दी आहेस. प्रत्येकजण प्रेमानंच बोलतो आणि प्रत्येकजण तिच्यासाठी एक दार लावून घेतो. मग ती फोनवर रडणं बंद करते. आपल्याला वाटतं रमली. शिवाय आमच्याकडं डॉक्टर मुलगी म्हणजे रिश्त्याच्या बायोडाट्यातली पहिली ओळ. नापास झाल्याचं, मानसोपचारतज्ज्ञाकडं गेल्याचं कुणाला कळलं तर? ही भीती पोरीला परीक्षेपेक्षा जास्त असते.

यावर मला जे उत्तर मिळतं ते ठाऊक आहे. ‘तुम्ही लेखक लोक. गरिबाच्या पोराकडं जिद्दीशिवाय असतं काय? ती पण काढून घेता का?’ हा प्रश्न खोटा नाही. रिक्षावाल्याचं पोर सरकारी कॉलेजपर्यंत पोचतं ते जिद्दीवरच पोचतं, हे मी मान्य करतो. पण बघा, डॉक्टरच्या पोराला पहिल्या वर्षी अडलं तर तो बापाला विचारतो, बाप मित्राला फोन लावतो, कुठलं पुस्तक वाचायचं, कुठल्या परीक्षकाला काय आवडतं, सगळं घरबसल्या कळतं. त्याच्या मदत मागण्याला कुणी कमीपणा म्हणत नाही, त्याला ‘संस्कार’ म्हणतात. आणि ज्याच्या घरात कुणीच नाही त्याला आपण सांगतो, एकट्यानं लढ. मदत मागायची सवय सगळ्यांत जास्त कुणाला हवी? त्यालाच.

आणि नापास होणं ही कयामतही नाही. नियमच सांगतात की पहिल्या वर्षाच्या परीक्षेला चार प्रयत्न मिळतात आणि सगळा कोर्स नऊ वर्षांत संपवायचा असतो. नियम करणाऱ्यांनी माणसं अडखळणार हे गृहीत धरलंय. मोहल्ल्यानं धरलेलं नाही.

भाची आता इंटर्न आहे. मागच्या महिन्यात घरी आली तेव्हा तिनं एक किस्सा सांगितला. मुलांच्या वॉर्डात रात्रपाळी, पहाटेचे तीन. एका बाळाच्या कागदावर लिहिलेला डोस तिला जास्त वाटला. वजनाशी गुणाकार करून बघितला, तरी खात्री होईना. सिस्टर म्हणाल्या, लिहिलंय तसं द्या. हिनं रेसिडेंटला उठवलं. तो दोन रात्रींचा जागा, नुकताच आडवा झालेला. खेकसला. येऊन बघितलं. डोस बरोबर होता. हिनं दशांश चिन्ह चुकीचं वाचलं होतं. सगळ्या वॉर्डासमोर तिला बोलणी खावी लागली.

मी म्हटलं, ‘मग? पुढच्या वेळी उठवशील का?’

‘उठाऊंगीच ना मामू,’ म्हणाली. ‘बच्चा पौने दो किलो का था.’

त्या मुलीला या वेळी शाल द्यावी असं मला वाटतं. म्हणून गेल्या आठवड्यात सत्कार समितीच्या सदरसाहेबांचा फोन आला तेव्हा मी अटी घातल्या. भाषण करीन, पण नव्या मुलांसोबत स्टेजवर जुन्या मुलांनाही बसवा. दुसऱ्या वर्षातली, तिसऱ्या वर्षातली, सप्लिमेंटरी देऊन पास झालेली. पहिल्या सहा महिन्यांत काय होतं ते त्यांनी सांगू दे. प्रत्येक नव्या मुलाला ट्रॉफीऐवजी दोन सीनियरांचे फोन नंबर द्या आणि आईबापांना वेगळं बसवून सांगा की फोनवर रडणाऱ्या पोराला काय विचारायचं. सरकारची टेलि-मानसची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, तो नंबर बॅनरवर नगरसेवकाच्या फोटोइतक्याच आकारात छापा. परदेशी एमबीबीएसच्या टेबलावर कुणीतरी उभं राहून बापांना २०२१ च्या नियमांप्रमाणे तो कोर्स ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून आहे का, ते विचारायला लावा.

सदरसाहेब भले माणूस आहेत. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘बाकी सब ठीक है भाई, लेकिन फेल हुए बच्चों को स्टेज पे? लोग क्या बोलेंगे?’

मी म्हटलं, लोकांना बोलू दे, पोरं तरी बोलायला लागतील. ते म्हणाले कमिटीला विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही. निकाल लागलाय, शादीखाना बुक झालाय, होर्डिंग छापायला गेलंय. ज्या मुलांचे फोटो त्यावर आहेत त्यांच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर कमिटीची वाट बघू नका. आमच्या भाचीनं तिचा नंबर द्यायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. मला निरोप पाठवा, मी जोडून देतो. रात्री अकरानंतर मात्र नको, ड्यूटी नसेल तेव्हा ती झोपते.